बॅक्स्टरची गिटार गेली आणि बफेलो संपला

ऑस्ट्रेलियाचा हेवी रॉक म्हटलं की एसी/डीसीचं नाव येतं आणि बहुतेकांची गाडी तिथेच थांबते. जरा जास्त ऐकणारे रोझ टॅटू किंवा द एंजल्सपर्यंत जातात. पण १९७३ च्या ३१ डिसेंबरला एसी/डीसी सिडनीच्या चेकर्स क्लबात आपला पहिला कार्यक्रम वाजवत होता, तेव्हा त्याच शहरातल्या बफेलो नावाच्या बँडचे दोन अल्बम बाजारात येऊन गेले होते. त्यातला दुसरा, व्होल्कॅनिक रॉक, माझ्या मते त्या दशकात त्या देशात निघालेला सगळ्यात जड आणि सगळ्यात धीट अल्बम आहे. आज ऑस्ट्रेलियातही त्याचं नाव जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांच्या पलीकडे फारसं कुणाच्या तोंडी नसतं.

असं का झालं, हा या प्रकरणाचा विषय. अनेक वर्षं हे अल्बम ऐकून माझं मत पक्कं झालं आहे. रेडिओने दार लावून घेतलं होतं, देश मोठा आणि माणसं थोडी होती, अल्बमची कव्हरं वादग्रस्त होती, हे सगळं खरंच आहे. पण घाव बसला तो १९७५ मध्ये, आणि तो बाहेरच्यांनी घातला नव्हता.

बफेलो उभा राहिला १९७१ मध्ये. गायक डेव्ह टाइस आणि बेस वाजवणारा पीटर वेल्स हे दोघे ब्रिस्बेनच्या हेड नावाच्या बँडमधून आलेले. गिटारवर जॉन बॅक्स्टर, ड्रम्सवर पॉल बाल्बी आणि टाइसच्या जोडीला ॲलन मिलानो हा दुसरा गायक. लवकरच त्यांचा करार व्हर्टिगोशी झाला, आणि ही साधी गोष्ट नव्हती. फिलिप्सने १९६९ मध्ये इंग्लंडात काढलेलं हे लेबल म्हणजे ब्लॅक सॅबाथ आणि युरिया हीपचं घर. त्याच्या सुरुवातीच्या तबकड्यांच्या मधोमध काळ्या-पांढऱ्या वर्तुळांचा भोवरा छापलेला असे. तबकडी फिरू लागली की तो भोवरा आत आत ओढत नेतो. नजर रोखून बसलं तर खरोखर गरगरतं, आणि लेबलच्या नावाचा अर्थही तोच. या भोवऱ्याखाली जागा मिळवणारा पहिला ऑस्ट्रेलियन बँड म्हणजे बफेलो.

पहिला अल्बम डेड फॉरेव्हर १९७२ मध्ये आला. तो चांगला आहे, पण अजून चाचपडणारा आहे. त्यावर फ्री या इंग्रजी बँडचं आय'म अ मूव्हर आहे, ब्लूज इमेज या अमेरिकन बँडचं पे माय ड्यूज आहे, आणि सुझी सनशाइनसारखं हलकंफुलकं गाणंही आहे. दोन गायक असल्यामुळे आवाजाला एक चेहरा मिळत नाही. बॅक्स्टरची गिटार मात्र तेव्हाच इतरांपेक्षा दोन पावलं पुढे असल्याचं जाणवतं. पुढे मिलानो आणि बाल्बी गेले, ड्रम्सवर जिमी इकॉनॉमू आला आणि बँड चौघांचा झाला. १९७३ मध्ये ब्लॅक सॅबाथ ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर आला तेव्हा त्यांच्या आधी मंचावर चढायचं काम बफेलोकडे आलं. ज्यांच्याशी आपली तुलना होते त्यांच्याच प्रेक्षकांसमोर वाजवायचं, तेही त्यांच्या आधी. यातून निघालेला बँड एक तर विझतो, एक तर पेटतो.

तो पेटला. त्याच वर्षी व्होल्कॅनिक रॉक निघाला.

सहा ट्रॅक

या अल्बमपाशी मला थांबायचं आहे, कारण या प्रकरणातला सगळ्यात मोठा पुरावा हाच आहे. निर्माता स्पेन्सर ली. ध्वनिमुद्रण बहुतांशी चौघांनी एकत्र वाजवून केलेलं, वरून थरावर थर न चढवता. ते कानाला लगेच कळतं. ड्रम्सचा आवाज खोलीसकट येतो. गिटार एकच आहे, पण ती संपूर्ण भिंत व्यापते. आणि गिटार भरारी मारते तेव्हा खाली रिकामं वाटत नाही, कारण तिथे वेल्सचा बेस आहे. वेल्स गिटारच्या मागे मागे चालत नाही. तो आपला रस्ता धरून ठाम चालतो आणि बॅक्स्टरला हवं तिथे भटकू देतो. आपल्याकडे चांगला तबलजी ठेका धरून बसतो आणि गायक निर्धास्त होऊन आलापीला जातो, तसं काहीसं.

पहिल्या बाजूवर सनराइज, फ्रीडम आणि टिल माय टाइम. फ्रीडम सुमारे नऊ मिनिटांचं आहे. बेसची एक संथ, जड चाल सुरू होते आणि ती जवळजवळ सोडायचीच नाही असं ठरवल्यासारखे ते वाजवतात. टाइस गातो, थांबतो, मग बॅक्स्टर येतो. त्याला वेगाने बोटं नाचवण्यात रस नाही. तो एक सूर धरतो, ॲम्प्लिफायरमधून तो सूर किंचाळू लागेपर्यंत धरतो, आणि ते किंचाळणं वळवून पुढच्या वाक्यात नेतो. या किंचाळण्याला, म्हणजे फीडबॅकला, या माणसाने आपला आवाज केला. दुसऱ्या बाजूवर द प्रॉफेट, पाउंड ऑफ फ्लेश हा छोटा वाद्यसंगीताचा तुकडा आणि त्याला जोडूनच शायलॉक. शेक्सपिअरच्या सावकाराचं नाव गाण्याला, आणि त्याच्या हट्टाचं ते एक पौंड मांस त्याआधीच्या तुकड्याला. शायलॉकची रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी गिटारची छोटी चाल, माझ्या कानात अनेक वर्षं घर करून आहे. ती पुढे धावते आणि प्रत्येक फेरीला थोडी अडखळल्यासारखी वाटते, आणि त्या अडखळण्यातच तिची ताकद आहे.

नव्वदच्या दशकात अमेरिकेत, युरोपात संथ, जड, धुरकट आवाजाच्या रॉकला स्टोनर रॉक असं नाव मिळालं. त्यातले चांगले अल्बम ऐकून मग व्होल्कॅनिक रॉक लावला तर कालगणना उलटी झाल्यासारखी वाटते. हे सिडनीच्या चौघांनी १९७३ मध्येच करून ठेवलं होतं.

दार कुठे होतं

मग हे गाणं लोकांपर्यंत जाणार कसं? अमेरिकेत साठच्या दशकाच्या शेवटी एफएम केंद्रांनी लांब गाणी, पूर्ण अल्बमच्या बाजू वाजवायला सुरुवात केली, आणि तिथला हेवी रॉक त्या लाटेवर वाढला. ऑस्ट्रेलियात ती लाट आलीच नाही. तिथे एफएमसाठी वापरता आला असता तो लहरींचा पट्टा टीव्हीच्या वाहिन्यांना देऊन टाकला होता. देशातलं पहिलं एफएम केंद्र, सिडनीचं टू-एमबीएस, सुरू झालं डिसेंबर १९७४ मध्ये, आणि तेही मुख्यतः शास्त्रीय संगीतासाठी. व्यापारी एफएमला तर १९८० उजाडावं लागलं. तोवर सगळी सत्ता एएमवरच्या व्यापारी केंद्रांकडे. त्यांचा साचा ठरलेला: चाळीस गाण्यांची यादी, तीन मिनिटांचं गाणं, जाहिरात, बातम्या, पुन्हा यादी. त्यात नऊ मिनिटांचं फ्रीडम कुठे बसवणार?

देशाची लोकसंख्या तेव्हा सुमारे १ कोटी ३० लाख. सिडनी ते पर्थ रस्त्याने जवळपास ४,००० किलोमीटर. रेडिओ नाही म्हटल्यावर बँडला गावोगाव वाजवत फिरण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्यासाठी पब होते हे खरं. न्यू साउथ वेल्समध्ये संध्याकाळी सहाला दारू बंद करण्याचा नियम १९५५ मध्येच गेला होता, व्हिक्टोरियात १९६६ मध्ये गेला, आणि रात्री उशिरापर्यंत उघड्या राहणाऱ्या त्या मोठ्या खोल्यांमध्ये गर्दी खेचायला मोठा आवाज लागू लागला. ऑस्ट्रेलियन रॉकचा तो ठणठणीत, घामट स्वभाव तिथे घडला. बफेलो या खोल्यांमध्ये आणि उपनगरांतल्या सभागृहांमध्ये वाजवत राहिला. पण एका रात्रीत काहीशे माणसं, आणि पुढच्या गावी पुन्हा शून्यापासून. त्यातून नाव होतं, अल्बमचा खप होत नाही.

कव्हरांचं काय? त्यावरही बोलायला हवं, आणि मला ते बाजूला सारायचं नाही. व्होल्कॅनिक रॉकवर ज्वालामुखीचं बाईच्या देहासारखं रंगवलेलं चित्र आहे. पुढच्या वर्षीच्या अल्बमवर तळघरात यातनायंत्राला साखळदंडांनी बांधलेली बाई आहे, आणि त्याचं नावच ओन्ली वाँट यू फॉर युअर बॉडी. याचं समर्थन मी करणार नाही. बाईकडे नुसता देह म्हणून पाहणाऱ्या त्या काळच्या रॉकमधली ही सगळ्यात ओंगळ कव्हरं आहेत, आणि संगीत आवडतं म्हणून ती सुंदर होत नाहीत. जे बिचकले त्यांचं मी चूक म्हणणार नाही. मला दुःख याचं आहे की त्या तिसऱ्या अल्बमच्या आत ड्यून मेसायासारखं गाणं आहे, सिडनीच्या बदनाम वस्तीवरचं किंग्ज क्रॉस लेडीज आहे, आणि वाजवणं दुसऱ्या अल्बमपेक्षा आखीव, नेमकं झालेलं आहे. गाणी आता चार-पाच मिनिटांची होती. म्हणजे आपला जडपणा न सोडता आटोपशीर कसं व्हायचं, हे त्यांना जमू लागलं होतं.

१९७५

आता या प्रकरणातला वळणाचा दिवस. खरं तर दिवस नव्हे, काही महिने.

८ नोव्हेंबर १९७४ ला एबीसी या सरकारी वाहिनीवर काउंटडाउन हा पॉप गाण्यांचा कार्यक्रम सुरू झाला. १९ जानेवारी १९७५ ला सिडनीत त्याच एबीसीचं टू-जेजे, म्हणजे लोकांच्या तोंडी डबल जे, हे तरुणांसाठीचं रेडिओ केंद्र सुरू झालं. व्यापारी केंद्रांनी बंदी घातलेलं स्कायहूक्स या बँडचं गाणं लावून त्यांनी प्रक्षेपण सुरू केलं. पुढे काय वाजणार हे त्या एका निवडीतून सिडनीला कळलं. जे इतर कुणी वाजवत नाही ते इथे वाजेल. बफेलोसारख्या बँडने तीन वर्षं ज्याची वाट पाहिली ते दार त्यांच्याच शहरात उघडलं होतं.

आणि त्याच सुमारास बफेलोने जॉन बॅक्स्टरला काढलं.

बँडला अधिक सोपं, अधिक विकाऊ व्हायचं होतं. कानावर येणारा सगळा बदल त्याच दिशेचा आहे. बँड ऑफ लाइटमधून नॉर्म रू हा स्लाइड गिटार वाजवणारा आला, कार्ल टेलर आला, आणि १९७६ मध्ये मदर्स चॉइस निघाला. त्यावर चक बेरीचं लिटल क्वीनी आहे, द गर्ल कान्ट हेल्प इट आहे. हा वाईट अल्बम मुळीच नाही. रू चांगला वाजवणारा, टाइसचा आवाज नेहमीसारखा खरखरीत आणि खरा. पण हे बूगी, हे पन्नासच्या दशकातलं रॉक-अँड-रोल त्या वेळी सिडनीत आणि मेलबर्नमध्ये पाच-पन्नास बँड वाजवत होते. फ्रीडम वाजवणारा एकच होता.

मी या प्रसंगाकडे पुन्हा पुन्हा येतो, कारण त्यातला हिशेब किती समजण्यासारखा होता हे मला दिसतं. तीन अल्बम झाले, रेडिओ घेत नाही, पैसे नाहीत, व्हॅनमध्ये झोपून दिवस काढायचे. कुणीतरी म्हणणारच की गिटार जरा आवरली तर? आणि ज्याची गिटार आवरता येत नाही त्याला बाजूला केलं तर? रेडिओला न चालणारी गोष्ट बँडने स्वतःहून काढून टाकली. रेडिओला काय चालतं ते मात्र त्यांच्या अंगात नव्हतं. बॅक्स्टर राहिला असता तर बफेलो नक्की गाजला असता, असं छातीठोकपणे मी म्हणणार नाही. इतकं मात्र म्हणेन की तो गेल्यावर डबल जेने बफेलोच वाजवावा असं काही खास कारण उरलं नाही.

वेल्सला हे सगळ्यात आधी कळलं असावं असं मला वाटतं, कारण १९७६ मध्येच तो बाहेर पडला. टाइस आणि इकॉनॉमूने आणखी एक अल्बम केला, १९७७ चा ॲव्हरेज रॉक 'एन' रोलर. ज्या बँडमध्ये सामान्य असं काही नव्हतं त्याच्या शेवटच्या अल्बमवर हा शब्द वाचताना मला आजही वाईट वाटतं. त्याच वर्षी बँड मोडला. टाइस लंडनला गेला आणि द काउंट बिशप्समध्ये गाऊ लागला.

वेल्सच्या बोटातली नळी

हे प्रकरण इथे संपलं असतं तर माझं म्हणणं नुसता अंदाज ठरलं असतं. पण त्याच बँडमधल्या एका माणसाने पुढच्याच पावलाला उलटी निवड केली, आणि त्याचं काय झालं ते आपल्यासमोर आहे.

पीटर वेल्सने बेस खाली ठेवला आणि स्लाइड गिटार घेतली. बोटात काचेची किंवा धातूची नळी घालायची आणि ती तारेवरून सरकवायची. बोट पडद्यावर दाबलं की एक सूर मिळतो आणि पुढच्या पडद्यावर दुसरा. नळी सरकली की या दोन सुरांच्या मधलं सगळं ऐकू येतं; आपण ज्याला मींड म्हणतो ती. ब्लूजमध्ये ही मींड बहुधा रडवी, हळवी असते. वेल्सने ती करवतीसारखी केली. खाली बाकीचे दणादण वाजवत असतात आणि वरून त्याची स्लाइड लांबलचक, धारदार रेघ ओढत जाते.

१९७६ मध्ये त्याने सिडनीत रोझ टॅटू उभा केला. मेलबर्नच्या बस्टर ब्राउनमधला अँग्री अँडरसन गायला आला. इयान रायलेनने लिहिलेलं बॅड बॉय फॉर लव्ह १९७७ मध्ये निघालं, आणि १९७८ मध्ये पहिला अल्बम. निर्माते हॅरी वँडा आणि जॉर्ज यंग, म्हणजे एसी/डीसीचे सुरुवातीचे अल्बम घडवणारी जोडी. अंगभर गोंदण, टक्कल, आणि रेडिओला मुळीच न पेलणारा आवाज. बफेलोपेक्षा हा बँड दिसायला आणि ऐकायला अधिकच अवघड होता. त्यांनी काहीही गुळगुळीत केलं नाही. १९८१ मध्ये ते इंग्लंडच्या रेडिंग महोत्सवात वाजवत होते. १९८६ मध्ये लॉस एंजेलिसच्या गन्स एन' रोझेसने आपल्या पहिल्या छोट्या तबकडीवर त्यांचं नाइस बॉइज गायलं, आणि १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर त्यांनाच आधी मंचावर बोलावलं.

रोझ टॅटूला तयार पब होते, वँडा आणि यंगसारखे निर्माते होते, काळही तीन-चार वर्षं पुढे सरकला होता. बफेलोला यातलं काहीच मिळालं नाही, त्यामुळे दोघांना एकाच तराजूत घालणं पुरतं न्याय्य नाही हे मी जाणतो. तरीही बँड तोच माणूस उभा करतो, शहर तेच, आणि या वेळी आवाजाचं जे टोक लोकांना बोचतं तेच तो मध्यभागी ठेवतो. बफेलोत जी जागा बॅक्स्टरच्या फीडबॅकची होती, त्या जागी वेल्सने आपली स्लाइड आणून बसवली. मदर्स चॉइस आणि रोझ टॅटूचा पहिला अल्बम यांत दोनच वर्षांचं अंतर आहे. दोन्ही एका संध्याकाळी लागोपाठ लावून पाहा.

पीटर वेल्स २७ मार्च २००६ ला कर्करोगाने गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रोझ टॅटूला ऑस्ट्रेलियाच्या ध्वनिमुद्रण उद्योगाच्या एरिया हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. बफेलोला ते आजवर मिळालेलं नाही. पण त्याच दोन-तीन वर्षांत मेलबर्नच्या ॲझ्टेक म्युझिकने बफेलोचे अल्बम जपून, नीट साफ करून पुन्हा काढले. ही कंपनी काढली गिल मॅथ्यूजने, जो बिली थॉर्पच्या ॲझ्टेक्समध्ये ड्रम्स वाजवायचा. म्हणजे त्या काळी त्याच मंचांवर उभा असलेल्या माणसाने. डेव्ह टाइस परत आला, एसी/डीसीच्या जुन्या बेसवादक मार्क इव्हान्ससोबत बरीच वर्षं साध्या गिटारांवर ब्लूज गात राहिला, आणि उतारवयात बफेलो रिव्हिजिटेड या नावाने नवे वादक घेऊन जुनी गाणी पुन्हा मंचावर आणली.

ज्यांनी हा बँड कधीच ऐकलेला नाही त्यांनी व्होल्कॅनिक रॉकची दुसरी बाजू आधी लावावी. द प्रॉफेट संपू द्या, पाउंड ऑफ फ्लेशच्या वेळी उठू नका, आणि शायलॉक सुरू झालं की आवाज वाढवा. डाव्या-उजव्या कानात कोण काय वाजवतंय ते शोधण्यात पहिल्या वेळी वेळ घालवू नका. दुसऱ्यांदा लावाल तेव्हा फक्त बेस ऐका. तिसऱ्यांदा बॅक्स्टर.